अर्ध्या मापाच्या गोळ्या

मार्गशीर्ष शुद्ध ३, शके १८५८

आज दादांशी भांडले. बापाशी भांडायची ही अठरा वर्षांतली पहिली वेळ. भांडण झाल्यावर रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो रागच. तो अजून उतरलेला नाही, म्हणून ही वही काढली. आमच्या घरात अक्षरं ओळखणारी मी पहिली. इथे काहीही लिहिलं तरी ते वाचणारं घरात कोणी नाही, एवढं एक बरं आहे.

मस्तगडात आमचं काष्ठौषधीचं दुकान आहे. वेखंड, सुंठ, मुरडशेंग, हिरडा, आणि आजोबांपासून चालत आलेली आमची बाळगोळी. काल स्टेशनाकडच्या एका कापसाच्या जिनचे कारकून मुकुंदराव आले आणि कपाशीचा हंगाम संपेपर्यंत गोळ्यांची मागणी देऊन गेले. जिनमध्ये यंत्रात कपास घालायला बाया बसतात. अंगावर पिणारी लेकरं त्या सोबत आणतात. लेकरू रडलं की बाई उठते आणि बाई उठली की यंत्र रिकामं फिरतं. गोळी दिली की लेकरू दिवे लागेपर्यंत झोपतं.

या गोळ्या मी लहानपणापासून वळते. पुड्यांवर ‘बाळगोळी, सकाळी एक’ हे मीच लिहिते. त्यात ‘काळं’ पडतं हे माहीत होतं. दादा ते पितळेच्या डबीत ठेवतात आणि गुंजेने तोलतात. ते काळं म्हणजे अफू, हे मला आज कळलं असं मी लिहिणार होते. ते खोटं ठरेल. सरकारी ठेक्याच्या दुकानातून ते ज्या कागदात बांधून येतं, तो कागद मी दोन वर्षांमागेच वाचला होता. शाळेतलं उर्दू तेवढं कामी आलं. आज फक्त विचारायचं धाडस झालं.

“दादा, ही अफूच हाय ना?”

“हाय. मंग?”

“रोज लेकराला अफू द्यायची? बाईनं उठू न्हाई म्हणून?”

“तू बी याच गोळीवर वाढली. शाळा शिकली, अन् आता मलाच शिकवून राह्यली.”

“माझं पोट दुखायचं म्हणून दिल्ती तुमी. यांचं काय दुखतं?”

दादांनी तोलायचा ताजवा खाली ठेवला. “मी न्हाई देल्ली तं बाई काय करती, ठावं हाय? ठेक्यावरून काळं आणती अन् बोटानं चाटवती. माझ्या गोळीत माप हाय, द्वारके. बोटाला कुठलं माप?”

माय चुलीपासून म्हणाली, “फाल्गुनात तुझं लगीन काय नुसत्या वेखंडावर लागणार हाय का?” दोघंही बरोबर बोलतात आणि तरीही काहीतरी भयंकर चाललं आहे. ते कुठे चाललं आहे तेवढं मला बोट ठेवून दाखवता येत नाही. शाळेचा उपयोग काय मग?

मार्गशीर्ष शुद्ध ५

माय आणि मी पुड्या घेऊन जिनला गेलो होतो. मी मुद्दाम गेले. लिहिते त्याची पुढे काय गत होते ते डोळ्यांनी बघावं म्हणून.

आत रुईचा भुगा इतका उडतो की बायांच्या भुवया पांढऱ्या दिसतात. बाया यंत्रांपुढे ओळीने उकिडव्या बसल्या होत्या. मागच्या भिंतीशी सरकीच्या पोत्यांवर लेकरं. मी मोजली, बारा होती. यंत्रांचा एवढा खडखडाट आणि बारांतलं एकही चुळबुळत नव्हतं. एकाच्या पापणीवर माशी बसली होती. मी हाकलली, तरी पापणी हलली नाही.

मुकादम कारभारी नावाचा माणूस आहे. पुड्या त्याच्याच हाती द्यायच्या. तो सकाळी दारात उभा राहून प्रत्येक आईला गोळ्या देतो, हजेरीसोबत. मी पुडीवरचं वाचून दाखवलं: सकाळी एक.

“अक्षर झ्याक हाय मास्तरीणबाईचं,” तो म्हणाला. “पण हितं वाचणारं एकच हाय, अन् ते म्हंजी मुकुंदराव. ते काय गोळी खाऊन न्हाई राह्यले.”

बाया हसल्या. धावड्याहून हंगामासाठी आलेली झुंबरबाई म्हणून एक आहे, ती सगळ्यांत मोठ्याने हसली. तिची पोरगी चार महिन्यांची, बारांतली सगळ्यांत लहान. मी तिला विचारलं, हिला रोज गोळी कशाला देता?

“हिला न्हाई देत, ताई,” ती हात न थांबवता म्हणाली. “कारभाऱ्याला देते. ही रडली की तोच बोंबलतो.”

पुन्हा हशा. कारभारीही हसला. त्या हसण्याचा मला जो संताप आला तो लिहून सांगता येत नाही. परत येताना मायकडून कळलं की दिवसभरात एकही यंत्र रिकामं राहिलं नाही तर मुकादमाला इनाम मिळतं. आणि उठलेल्या बाईची अर्धी हजेरी कापतात. म्हणजे प्रत्येकाला पोरगी झोपलेलीच हवी आहे. तिच्या आईलासुद्धा.

मार्गशीर्ष शुद्ध ६, चंपाषष्ठी

दादा खंडोबाच्या देवळात गेले होते. आजचा गोळ्यांचा घाणा मी एकटीने घातला. काळं डबीतून निम्मंच घेतलं. उरलेल्या जागी बाळहिरड्याची काळी पूड. रंग तोच, गोळी तेवढीच. उरलेलं निम्मं मोरीत धुऊन टाकलं, डबीत वाढीव दिसू नये म्हणून.

मी कोणाला फसवलं का, याचा दोन तास विचार केला. पुडीवर काळं किती ते कधीच लिहिलेलं नसतं, म्हणजे लिहिलेलं खोटं झालं नाही. हिरड्याने लेकराला अपाय नाही. दादांचं नुकसान म्हणावं तर पैशांत नाही. फसवलंच असेल तर कारभाऱ्याला, आणि त्याचं मला काही वाटत नाही. आज भरीत-भाकरी चांगली लागली.

मार्गशीर्ष शुद्ध १३

जिनमधून तक्रार. कारभारी स्वतः दुकानात आला.

“रखमाजी, गोळीत दम न्हाई राह्यला. दुपारून पोरं टाहो फोडतेत. काल तीन बाया उठल्या, तिघींची हजेरी कापावी लागली.”

दादा गांगरले. ठेकेदाराने काळ्यात भेसळ केली असणार म्हणाले, त्याला शिव्या दिल्या. मी आत सुंठ कुटत होते. कुटत राहिले.

तीन बाया उठल्या! मी मनात तेच घोळवत होते. तीन लेकरांना भरदिवसा आईचं दूध मिळालं. त्यांची हजेरी गेली हे वाईट झालं, पण तो जिनवाल्यांचा अन्याय आहे, माझा नाही. तरी दिवसभर हात चिकट वाटले. तीनदा धुतले.

मार्गशीर्ष वद्य २

तक्रार मिटली. नंतरचा घाणाही मीच घातला, निम्म्याचाच, तरी चार दिवस कोणी काही बोललेलं नाही. याचा अर्थ उघड आहे. लेकरं निम्म्या मापावर रुळली. मला आधीच वाटलं होतं की एवढ्या काळ्याची गरजच नव्हती. दादांना हे एक दिवस शांतपणे सांगेन. आज नको.

मार्गशीर्ष वद्य ७

मुकुंदरावांचा निरोप आला, गोळ्या दुप्पट पाठवा. लेकरं बाराच आहेत, मायने परवा जाऊन पाहिलं. मग दुप्पट कशाला? मला लगेच कळलं. कारभारी अर्ध्या पुड्या बाहेर विकतो. मंठ्याला, बदनापूरला, कुठेही. गरिबांच्या लेकरांच्या झोपेवरही याला वरकड कमाई हवी!

संध्याकाळी झुंबरबाई दुकानात आली, पदरात पोरगी. पदराची गाठ सोडून स्वतःच्या पैशाने एक पुडी मागितली. मी म्हणाले, जिनमध्ये मिळते ना?

“मिळती, पण पुरत न्हाई, ताई.”

“एका लेकराला एक गोळी. पुरत न्हाई म्हणजे?”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग दादांकडे, आणि हसून म्हणाली, “गावाकडं जावंचं लेकरू हाय. तिला न्यायची हाय.”

म्हणजे हिनेही धंदा मांडला. कारभारी करतो ते बायाही शिकल्या. मी पुडी दिली आणि तोंडावर म्हणाले, लेकरांच्या नावावर कमाई करू नये. तिने पुडी पदरात बांधली. पोरगी तिच्या खांद्यावर जागी होती. तिने माझी वेणी धरून ओढली, चांगली जोरात.

मार्गशीर्ष वद्य १३

आज बाजूला बसले. चार दिवस औषधाला हात लावायचा नाही, सावलीही नाही. त्यामुळे घाणा दादांनी घातला. मी पडवीतून बघत होते. ठेकेदाराकडून नवं काळं आणलं होतं, वास घेऊन म्हणाले, “हे असली हाय.” मग गुंजा टाकल्या. ठरलेल्या होत्या तेवढ्या टाकल्या आणि वर दोन आणखी.

“जास्त झालं ना, दादा?” मी पडवीतूनच म्हणाले.

“मागं कस कमी व्हता म्हणून बोल खाल्ला. गिऱ्हाइकाची भरपाई नको करायला?”

मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसले.

मार्गशीर्ष वद्य १४

पुड्या आज जिनला पोचल्या. उद्या अवस, जिन बंद. परवा भोगीला नवी पुडी फुटेल.

मी असा विचार केला. पूर्ण मापाची गोळी काही नवी नाही, वर्षानुवर्षं तीच चालत होती. दोन गुंजा शंभर गोळ्यांत वाटल्या तर एका गोळीत कितीसं येतं? लेकरं पुन्हा आधीसारखी झोपतील. म्हणजे माझं महिनाभराचं केलेलं वाया गेलं, एवढंच. संताप आला तो त्याचा. सांगायचं तर मी काय केलं तेही सांगावं लागेल, आणि मग दादा मला पुन्हा घाण्याजवळ बसू देणार नाहीत. मग निम्मं माप पुन्हा कोण घालणार? तेव्हा लेकरांच्या भल्यासाठीच गप्प बसणं बरोबर आहे. हे तीनदा तपासलं. बरोबर येतं.

पौष शुद्ध १, भोगी

आज न्हाऊन उठले. केस वाळवत होते. गोजरबाई धावत आली. ही झुंबरबाईच्या शेजारच्या यंत्रावर बसते.

“झुंबरीची पोरगी उठंना. आजून दोघं बी तसेच पडलेत. रखमाजी, काय घालून राह्यले तुमी गोळीत?”

दादा हिंगाची डबी घेऊन निघाले, मी मागे. जिनमध्ये पोचलो तेव्हा यंत्रं चालूच होती. तिन्ही लेकरांचे ओठ निळसर. हिंगाचं पाणी, तळव्यांवर चापट्या, कांदा फोडून नाकाशी. उचलून फिरवायचं, झोपू द्यायचं नाही. दोघं हळूहळू कण्हली. झुंबरबाईची पोरगी श्वास घ्यायची, मग इतका वेळ घ्यायची नाही की आम्ही सगळे थांबायचो, मग पुन्हा एक. ऊन भिंतीवरून उतरायच्या आत ती गेली.

मी गोजरबाईला विचारलं, गोळ्या किती दिल्या होत्या?

“दोन. समद्याच दोन देतो की.” ती माझ्याकडे वेड्यासारखी बघत होती. “चंपाषष्ठीपासून एकीनं कुठं झोपून राह्यले व्हते? कारभाऱ्यानंच सांगितलं, दोन द्या. मंग दोन दिल्या.”

कारभारी म्हणाला, “नशीब एकेकीचं. बाकीच्यांनी बसून घ्या.” मुकुंदराव चश्मा पुसत आले, खरोखर हळहळले आणि म्हणाले, “झुंबरबाईची आजची हजेरी पूर्ण लावा.”

पूर्ण हजेरी लावली. आणि तिथे एकही माणूस किंचाळला नाही. मीही नाही.

पौष शुद्ध २, संक्रांत

दादांना सगळं सांगितलं. हिरडा, मोरी, सगळं. दादा उंबऱ्यावर बसले आणि डबीचं झाकण लावत-उघडत राहिले.

“मापाला हात लावला तू,” शेवटी म्हणाले. “आपल्या धंद्यात धरम म्हणून तेवढंच एक व्हतं.”

मी ओरडले. म्हणाले, रोज अफू विकायची आणि मापाला धर्म म्हणायचं! वर दोन गुंजा कोणी टाकल्या? दादांनी मान हलवली, हो, त्या मी टाकल्या. उलट बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. माय तिळगुळाची परात घेऊन आली होती, ती तशीच आत गेली. आज आमच्या दारात हळदीकुंकवाला कोणी आलं नाही आणि आम्हीही कोणाकडे गेलो नाही.

पौष शुद्ध ४

झुंबरबाईकडे गेले. जिनमागच्या पालात राहते. ती भाकरी थापत होती. तिच्या छातीवर ओला फडका बांधलेला होता. दूध थांबत नव्हतं.

तिने मला बसायला पोतं दिलं आणि स्वतःच बोलायला लागली. “माझ्याच हातानं दिल्ती, ताई. दोन. मला वाटलं, सणाच्या आदल्या दिवशी हजेरी कटू नये. आईच मी, अन्...”

मला तिथूनच परत यावंसं वाटलं. तिने स्वतःलाच दोषी धरलं होतं, मला कोणी धरलं नव्हतं. मी म्हणाले, तुमची चूक नाही. मग सगळं सांगितलं. मी गोळ्या निम्म्या केल्या होत्या, पुन्हा पूर्ण झाल्या तेव्हा मला माहीत होतं, तीन दिवस माहीत होतं.

तिने तव्यावरची भाकरी उलटली.

“कमी केल्या तवा सांगायचं की.”

“मला वाटलं, तुम्हाला सांगितलं तर—”

“काय वाटलं? मी कारभाऱ्याला सांगन? का मला कळायचं न्हाई?” ती आता ओरडत होती. “मला वाचायला येत न्हाई, ताई. ऐकायला येतं की! तुमच्या दुकानात उभी व्हते मी पोरगी घिऊन. मी चोरून विकते म्हणून मलाच बोलल्या. दोन देते म्हणून सांगायची लाज वाटली मला. तुमाला कशाची लाज वाटली?”

भाकरी जळाली. तिने ती तव्यावरून काढून माझ्या पायाशी फेकली आणि मला जा म्हणाली. मी गेले.

पौष शुद्ध ७

दादांनी घाणा बंद ठेवला आहे. त्याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण काल गोजरबाई आली. तिचा मुलगा भोगीला वाचलेल्या दोघांतला.

“गोळी का न्हाई देऊन राह्यले?”

मी चकित झाले. म्हणाले, इतकं होऊनही?

“मंग काय करू? हजेरी सोडू? तुमी बंद केलं, बाया काल ठेक्यावर गेल्त्या. काळं आणलं. बोटानं चाटवलं.” तिने करंगळीचं टोक दाखवलं. “माझं बोट एवढं हाय, तुळजी लोहारणीचं एवढं. सांगा, कोणतं बराबर?”

दादा पहिल्या दिवशी बोलले होते तेच. तेव्हा ते मला पळवाट वाटलं होतं. आजही वाटतं. मुकुंदरावांच्या मालकाने बारा लेकरांपाशी एक म्हातारी बसवली आणि दूध पाजायला दोन वेळा घटकाभर सुटी दिली तर कोणाच्याच बोटाची गरज नाही. मी आज हे मुकुंदरावांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “मुली, विचार चांगला आहे. पण शेजारची जिन देत नाही, मग आम्हीच का द्यावी?” शेजारच्या जिनमध्येही हेच म्हणत असतील. एकमेकांकडे बोट दाखवत हे सगळे सभ्य लोक जेवायला बसतात!

घरी येऊन दादांना म्हटलं, घाणा घाला. जुनं ठरलेलं माप, ना कमी ना जास्त, मी समोर तोलीन. पण गोळी कारभाऱ्याच्या हातात जाणार नाही. वाटीन मी.

“तुला मुकादम आत येऊ देईल?”

“दारात उभी राहीन. दार काय त्याच्या बापाचं हाय?”

माय म्हणाली, सोयरे काय म्हणतील. सोयरे जे म्हणायचं ते म्हणोत.

पौष शुद्ध ८

भोंगा व्हायच्या आधी जिनच्या दारात उभी राहिले. कारभारी म्हणाला, “आली मास्तरीण. आता गोळी देताना धडा बी शिकवणार का?” मी म्हणाले, हो.

प्रत्येक आईला तोंडाने सांगितलं. यात अफू आहे. मी मधे कमी केली होती, म्हणून तुम्ही दोन द्यायला लागलात. आता पूर्ण आहे. दोन दिल्या तर लेकरू मरतं. झुंबरबाईचं मेलं ते माझ्यामुळे. हे वाक्य बारा वेळा म्हटलं. पहिल्या वेळी आवाज फुटला नाही. एक बाई माझ्या अंगावर थुंकली. दुसरीने मला शिवी दिली आणि गोळी घेतली. दोघींनी घेतली नाही. त्यांची लेकरं दुपारी रडली आणि त्यांची अर्धी हजेरी गेली, हे मी दाराबाहेर बसून ऐकलं.

झुंबरबाई रिकाम्या कडेने आली. माझ्याकडे न बघता आत गेली आणि आपल्या यंत्रावर बसली.

सगळ्यांत शेवटी एक नवी बाई आली, आजच कामाला लागलेली. कडेवर पाच-सहा महिन्यांचा मुलगा. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग गोळी तळहातावर ठेवली, नखाने मधोमध तोडली, एक तुकडा कमरेला खोचला आणि दुसरा माझ्यापुढे धरला.

“एवढी देऊ? बराबर?”

भोंगा झाला. कारभारी आतून ओरडत होता. ती हलली नाही. तिला उत्तर हवं होतं.

“बराबर नाही,” मी म्हणाले. “पण एवढ्याने मरणार नाही. दुपारी जागा होईल, रडेल. मी इथेच बसलेय. कोणी आडवं आलं तरी तुम्हाला बाहेरून हाक मारीन.”

“आन् हजेरी?”

“कापतील.”

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, अर्धी गोळी लेकराच्या जिभेवर ठेवली आणि आत गेली. दुपारी तो रडला. मी हाक मारली.